जोर वस्तूत नसतो, वस्तूवर असतो

ताई, तुमच्या नववीतल्या मुलीचे तिन्ही प्रश्न तुम्ही तिच्याच शब्दांत कळवलेत, हे फार बरं केलंत. पहिला प्रश्न असा: दिवाळीच्या सफाईला तुम्ही दोघींनी लोखंडी कपाट सरकवलं, ढकलायचं थांबवल्याबरोबर ते जागच्या जागी थांबलं. मग बल नसलं तरी वस्तू चालतच राहते, हे न्यूटनचं म्हणणं खोटं का? दुसरा: लोकल थांबताना आपण पुढे जातो, तेव्हा आपल्याला पुढे ढकलतं कोण? आणि तिसरा: हातगाडीवाला गाडीला जेवढ्या बलाने ओढतो तेवढ्याच बलाने गाडी त्याला मागे ओढत असेल, तर गाडी हलते कशी?

मी लालबाग-परळ भागातल्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. नववीच्या पुस्तकात ‘गतीचे नियम’ हा पहिलाच धडा, त्यामुळे जून उजाडला की हे प्रश्न माझ्या टेबलावर यायचे. ते तीन दिसतात, पण तिन्हींच्या मुळाशी एकच गाठ आहे. ती सुटली की मुलं पुढचा धडा आपला आपण वाचतात.

गाठ आपल्या बोलण्यात आहे. भोवरा डुलायला लागला की आपण म्हणतो, ‘जोर संपत आला’. चेंडू सीमारेषेच्या अलीकडे थांबला, तर ‘फटक्यात जोर नव्हता’. कॅरमची सोंगटी भोकाच्या तोंडाशी अडली, तर ‘जरा जोर कमी पडला’. या बोलण्यात एक चित्र दडलेलं आहे. जोर म्हणजे वस्तूत भरता येणारी चीज, टाकीत पेट्रोल भरावं तशी. हाताने ती भरली, वस्तू ती खर्च करत पुढे गेली, संपली तिथे थांबली. शाळेत ‘बल’ हा शब्द आला की मुलं तो मुकाट्याने या जुन्या चित्रावर चिकटवतात. पाठ केलेला नियम एका कप्प्यात राहतो आणि भोवऱ्याचा जोर दुसऱ्या कप्प्यात.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपल्याकडे वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांनी बाणाचा विचार केला तेव्हा ते म्हणाले, की दोरीच्या पहिल्या धक्क्यानंतर बाणात ‘संस्कार’ नावाचा गुण तयार होतो, तोच त्याला पुढे नेतो, आणि तो संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण पडतो. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये ब्युरिदाँ या तत्त्वज्ञानेही बरंचसं असंच मांडलं. म्हणजे तुमची मुलगी जिथे अडली आहे तिथे जगातली मोठमोठी डोकी शतकानुशतकं अडली होती. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून ती कोंडी फोडली आणि न्यूटनने १६८७ साली गतीचे नियम बांधले. एवढ्या लोकांना एवढा वेळ लागला, तर पोरीला जुलै संपेपर्यंत वेळ द्यायला काय हरकत आहे?

मी स्वतः पहिली काही वर्षं फळ्यावर ‘चेंडूला बल दिले’ असं लिहीत होतो. एका मुलाने सरळ विचारलं, “सर, दिलं तर मग ते चेंडूकडेच राहिलं ना?” त्याचं बरोबर होतं. कुणाला पैसे दिले तर ते त्याच्याकडे राहतात. त्या दिवसापासून मी ‘दिले’ हे क्रियापद टाकून दिलं. चेंडूवर बल लावलं, असं लिहायला लागलो. तुम्हीही घरी एवढी एक सवय लावा. वस्तूत असतो तो संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. बल असतं ते वस्तूवर, बाहेरून, कुणीतरी लावलेलं. आणि ढकलणाऱ्याने हात काढला की त्याचं बल त्याच क्षणी संपतं. सुटलेल्या चेंडूत हाताचं बल अजिबात उरत नाही.

हे पटवायला मी नारळाचं उदाहरण घेतो. गोराईच्या बाजूला माडाखालून जाताना कुणी विचारलं, ‘असोला नारळ पडतो तेव्हा त्यात किती जोर असतो?’ तर या प्रश्नाला उत्तरच नाही. दीड किलोचा नारळ दहा मीटरवरून पडला तर जमिनीशी पोचेपर्यंत त्याचा वेग सेकंदाला चौदा मीटर होतो. खाली भुसभुशीत वाळू असेल आणि तो दहा सेंटीमीटर रुतून थांबला, तर वाळू त्याच्यावर सरासरी दीडशे किलोच्या ओझ्याइतकं बल लावते. तोच नारळ कोब्यावर पडला आणि चेपत-फुटत एका सेंटीमीटरमध्ये थांबला, तर ते बल दीड हजार किलोच्या ओझ्याइतकं होतं. नारळ तोच, उंची तीच, वेग तोच, संवेगही तोच. बल मात्र दहापट. जोर नारळात भरलेला असता तर दोन्ही वेळा सारखाच निघाला असता. किती बल लागेल हे नारळ आणि जमीन या दोघांमध्ये, थांबायला किती वाव मिळतो त्यावर ठरतं. हेल्मेटच्या आत जाड थर असतो तो याच कारणासाठी: डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटीमीटर जास्त मिळावेत म्हणून.

आता तुमचं कपाट. मुलांना मी कुठल्याही गणिताआधी एक काम देतो, त्याला आम्ही वर्गात ‘हात लावणारे मोजा’ म्हणायचो. एकच वस्तू निवडायची. तिच्याभोवती मनाने एक रेघ मारायची. मग विचारायचं, या वस्तूला आत्ता, या क्षणी, कोण कोण टेकलेलं आहे? जे टेकलेलं आहे तेच तिच्यावर बल लावू शकतं. न टेकता ओढणारी आपल्या रोजच्या व्यवहारात एक पृथ्वी, आणि कधीमधी एखादं लोहचुंबक. बस्स. यादीत ‘मघाशी मारलेला धक्का’ येत नाही, ‘वेग’ येत नाही, ‘जोर’ येत नाही. माझ्या अनुभवात नव्वद टक्के चुका ही यादी प्रामाणिकपणे केली की गळून पडतात.

कपाटाची यादी करा. तुमचे हात, जमीन आणि पृथ्वी. पृथ्वी खाली ओढते, जमीन वर रेटते, ते दोन्ही फिटले. उरले तुमचे हात पुढे ढकलणारे आणि जमिनीचं घर्षण मागे ओढणारं. समजा रिकामं कपाट ऐंशी किलोचं आहे आणि घर्षण त्याच्या वजनाच्या चार दशांश. म्हणजे जमीन बत्तीस किलोच्या ओझ्याइतक्या बलाने मागे ओढते आहे. तुम्ही दोघी मिळून नेमकं तेवढंच ढकलता तेव्हा कपाट एकसारख्या गतीने सरकतं, आणि तेव्हा त्याच्यावरचं एकूण बल शून्य असतं. हे वाक्य मुलीला दोनदा वाचायला सांगा. सरकत्या कपाटावरचं एकूण बल शून्य! म्हणजे तुमचा घाम कपाट ‘चालवण्यासाठी’ गेलाच नाही, तो जमिनीची ओढ फेडण्यात गेला.

तुम्ही हात काढलेत तेव्हा यादीतून एक नाव कमी झालं. जमीन राहिली, ती अजून मागे ओढतेच आहे. ‘बल नसताना’ असं तुमच्या मुलीने लिहिलं आहे, चूक इथेच झाली. बल होतं, फक्त ते तिचं नव्हतं. आणि कपाट जागच्या जागी थांबलं हेही पूर्ण खरं नाही. सेकंदाला तीस सेंटीमीटर या गतीने सरकणारं असं कपाट हात सोडल्यावर साधारण एक सेंटीमीटर पुढे जातं आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत थांबतं. डोळ्यांना ते दिसत नाही इतकंच. फरशीवर पेन्सिलीने खूण करून बघायला सांगा.

जाता जाता सरकवण्याबद्दल. जागेवरून हलवताना जास्त बल लागतं, एकदा सरकायला लागलं की थोडं कमी. म्हणून हलल्यावर मध्येच विसावा घेऊ नका. पायांखाली गोणपाट घाला, आतलं सामान काढा, आणि वरून न ढकलता कमरेच्या खाली हात लावा, नाहीतर कपाट सरकायच्या ऐवजी कलंडेल.

घर्षण काढून टाकलं तर काय होतं, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. आमच्या चाळीच्या गॅलरीत रात्री पिवळ्या बल्बखाली कॅरम चालायचा. बोर्ड कोरडा असताना सोंगटी हलक्या टिचकीने वीतभर जाऊन थांबते. मग कुणीतरी बोरिक पावडरची डबी आपटतो, तळहाताने पावडर गोल फिरवतो, फुंकर मारतो. आता तीच टिचकी, तेच बोट, आणि सोंगटी पलीकडच्या पट्टीवर आपटून परत येते. बोटाने लावलेलं बल बदललेलं नाही. बोटाने सोंगटीला सोडल्यानंतर मागे ओढणारा कमजोर झाला. जुलैच्या दमट हवेत पावडर ओल धरते आणि बोर्ड जड होतो, तेव्हा ‘आज जोर लागतोय’ असं आम्ही म्हणायचो. खरं म्हणजे बोर्ड जास्त ओढत असायचा. मनातल्या मनात आता पावडर वाढवत जा. सोंगटी आणखी लांब, आणखी लांब. ओढणारा अजिबात उरला नाही, तर ती थांबेल कशाला? गॅलिलिओने नेमका हाच विचार केला होता. ज्याला तो खराखुरा बघायचा आहे त्याने व्हॉयेजर १ आठवावं. १९७७ साली पृथ्वीवरून निघालेलं ते यान आज सूर्यापासून दूर, सेकंदाला सुमारे सतरा किलोमीटर वेगाने जातंय, आणि त्या वेगासाठी त्याचं कुठलंही इंजिन चालू नाही.

कॅरमवर आणखी एक बघण्यासारखं आहे. स्ट्रायकर जास्तीत जास्त पंधरा ग्रॅमचा, सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची. स्ट्रायकर सोंगटीवर बरोबर समोरून बसला तर सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगापेक्षाही जोरात निघते (आदर्श टकरीत जवळजवळ दीडपट), आणि स्ट्रायकर मंद होऊन मागोमाग जातो. म्हणूनच तर तो राणीच्या मागून भोकात पडून घात करतो. पण एक सोंगटी दुसऱ्या सारख्याच सोंगटीवर समोरासमोर आपटवली, तर आपटणारी जवळजवळ जागीच थांबते आणि दुसरी तिचा वेग घेऊन निघून जाते. टकरीत दोघींवर लागलेली बलं सारखी असतात, उलट दिशांनी. काय बदलतं ते वस्तुमान, आणि म्हणून वेगातला फरक. मुलीला हे दोन्ही हाताने करून बघू द्या.

एकूण बल शून्य असूनही वस्तू चालतेच याचं आणखी सुंदर उदाहरण तुमच्या खिडकीबाहेर जून ते सप्टेंबर पडत असतं. दोन किलोमीटर उंचीवरच्या ढगातून थेंब निघाला आणि त्याला फक्त पृथ्वीच ओढत असती, तर तो ताशी सातशे किलोमीटरच्या वेगाने डोक्यावर आदळला असता. छत्रीची चाळण झाली असती. पण थेंब वेग घेतो तसतसा हवेचा विरोध वाढत जातो, आणि लवकरच तो थेंबाच्या वजनाइतका होतो. तिथून पुढे एकूण बल शून्य, आणि थेंब एकाच वेगाने खाली येत राहतो. चांगला टपोरा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर, म्हणजे ताशी तीस-बत्तीस किलोमीटर. भुरभुर पावसाचा बारीक थेंब सेकंदाला दोन मीटर. पावसाखाली उभं राहून आपण न्यूटनचा पहिला नियम, म्हणजे तुमच्या मुलीने खोटा ठरवलेलाच, अंगावर घेत असतो, पण पाठ करताना तो आपल्याला आठवत नाही.

आता लोकल. यादी करा: आपल्याला कोण टेकलंय? पायाखालची फरशी, धरलेली कडी, बाजूची माणसं. गाडी थांबताना यातलं कुणीही आपल्याला पुढे ढकलत नाही. उलट फरशी आपल्या चपलांना मागे ओढते, कडी हाताला मागे ओढते. पाय गाडीबरोबर मंदावतात, धड मात्र मघाच्याच वेगाने पुढे जात राहतं, कारण त्याला अजून कुणी धरलेलं नाही. बाहेर फलाटावरून बघणाऱ्याला आपण ‘पुढे गेलो’ असं दिसतच नाही; त्याला दिसतं की डबा मंदावला आणि माणूस मंदावायचा राहिला. तेव्हा तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: कुणीही नाही.

आकडे घालून बघू. समजा गाडी ताशी ७२ किलोमीटरने येतेय, म्हणजे सेकंदाला वीस मीटर, आणि दर सेकंदाला तिचा वेग ०.८ मीटरने कमी होतोय. थांबायला पंचवीस सेकंद आणि अडीचशे मीटर लागतील, जवळजवळ बारा डब्यांच्या गाडीच्या लांबीइतकं अंतर. साठ किलोच्या माणसाला एवढ्या हळुवारपणे थांबवायला ६० गुणिले ०.८, म्हणजे ४८ न्यूटन बल पुरतं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांची पुडी तळहातावर ठेवली की एक न्यूटन, असा अंदाज धरा. म्हणजे पाच किलो तांदळाची पिशवी उचलण्याइतकं. एका कडीचं काम. पण दहा माणसं एकामागे एक, कुणाचाच हात कडीवर नाही आणि सगळ्यांनी अंग सैल सोडलंय, तर ते ४८ खांद्याखांद्यांवरून साठत पुढे जातात आणि पार्टिशनला चिकटलेल्या माणसाला अठ्ठेचाळीस किलोच्या ओझ्याइतका रेटा बसू शकतो. रोजचे प्रवासी खिडक्यांकडे तोंड करून, पाय गाडीच्या दिशेत फाकवून उभे राहतात ते उगीच नाही. पाठीशी पिढ्यांचा सराव आहे, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीनेही तीच बरोबर उभं राहण्याची पद्धत आहे.

चालत्या गाडीतून उतरणारे पडतात तेही यामुळेच. गाडी अगदी रेंगाळत, ताशी दहा किलोमीटरने जात असली, तरी उतरणाऱ्याचं सगळं शरीर त्याच वेगात असतं. पाय फलाटाला लागून थांबतात, धड थांबत नाही. मुलीला हे वाचून समजू द्या, करून बघायला जाऊ देऊ नका.

तिसरा प्रश्न सर्वांत चांगला आहे, आणि माझ्या मते पुस्तकात त्याला पुरेशी जागा मिळत नाही. एका वर्षी मी मुलांना घेऊन मशीद बंदरला गेलो होतो, भात बाजाराच्या बाजूला. पोत्यांनी लादलेली एक लांब हातगाडी उभी होती. एक जण पुढे दांड्यांमध्ये, दुसरा मागून. मी मुलांना सांगितलं, गाडीकडे बघू नका, पुढच्या माणसाच्या पावलांकडे बघा. निघताना तो इतका पुढे झुकला की सोडला असता तर तोंडावर पडला असता. टाचा वर, चवडे रस्त्यात रुतल्यासारखे, पोटऱ्यांच्या शिरा ताठ. क्षणभर काहीच हललं नाही. मग चाक अर्धी वीत फिरलं, आणि चार-पाच पावलांत तो सरळ होत गेला. दहा पावलांनंतर तो जवळजवळ ताठ चालत होता. मुलांनी विचारलं, “सर, आता जोर लावत नाही का तो?” मी सांगितलं, लावतोय, पण आता फक्त चाकांची ओढ फेडण्यापुरता. गाडीचा वेग वाढवायचं काम संपलं.

आता त्या गाडीभोवती रेघ मारा. तिला कोण टेकलंय? माणसाचे हात पुढे ओढतायत, रस्ता थोडं मागे ओढतोय. हातांचं बल जास्त असेल तर गाडी वेग घेईल. इथे विषय संपला. गाडी माणसाला मागे ओढते ते बल गाडीच्या यादीत नाहीच, कारण ते गाडीवर लागत नाही, माणसावर लागतं. आता वेगळी रेघ, माणसाभोवती. गाडी त्याला मागे ओढते, आणि रस्ता त्याच्या चवड्यांना पुढे ढकलतो. हो, रस्ता. माणूस पायाने रस्त्याला मागे रेटतो आणि रस्ता त्याला पुढे. रस्त्याचं ढकलणं जास्त असेल तर माणूस पुढे जातो. क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात हे शंभर टक्के खरं, पण त्या एकाच वस्तूवर नसतात, त्यामुळे एकमेकींना पुसूच शकत नाहीत. माझे पाचशे आणि तुमचे पाचशे यांची वजाबाकी माझ्या पासबुकात होते का?

म्हणून पाऊस पडून रस्ता बुळबुळीत झाला की हातगाडीवाल्याची ताकद तीच असूनही गाडी हलत नाही. ताकद कमी पडत नाही, रस्ता त्याला ढकलायला नकार देतो. भाऊच्या धक्क्यावर लहान होडीतून पायरीवर उडी टाकताना होडी मागे सरकते ते बघितलं असेल. तिथे हलकी होडी मागे जाताना दिसते. हातगाडीच्या वेळी मागे जायला सगळी पृथ्वी आहे, म्हणून काही दिसत नाही.

रस्त्याच्या या भूमिकेवर मी थोडा जास्त बोलतो, कारण यात जीव जातात. गाडी ब्रेकने थांबते असं सगळे समजतात. ब्रेक फक्त चाकाचं फिरणं रोखतो. बाइक थांबते ती रस्ता टायरला मागे ओढतो म्हणून, आणि रस्ता किती ओढू शकतो याला मर्यादा आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर चांगला धरत असेल तर ताशी ४० ची बाइक ब्रेक लागल्यापासून नऊ-दहा मीटरमध्ये थांबू शकते. धर निम्म्याहून कमी झाली तर तेच अंतर वीस मीटरच्या पुढे जातं. आणि वेग दुप्पट केला तर अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. जूनच्या पहिल्या सरीत रस्ता सर्वांत धोकादायक असतो, कारण महिनोन्महिने गळलेलं तेल आणि धूळ थोड्याशा पाण्यात कालवली जाऊन टायर आणि डांबर यांच्यामध्ये थर बसतो. चांगला धो धो पाऊस झाला की तो बराचसा धुऊन जातो. तुमच्या घरात कुणी कॉलेजला बाइकने जात असेल, तर त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवायला सांगा, आणि वळणावर ब्रेक दाबू नकोस म्हणावं: टायरची धर वळायला आणि थांबायला वाटून जाते, दोन्हीला पुरत नाही.

रेल्वेचं याच्या उलट. पोलादी चाक पोलादी रुळावर इतकं सहज फिरतं की एक टन वजन सपाट रुळावर एकदा चालू झालं की चालू ठेवायला एक-दोन किलोची पिशवी उचलण्याइतकं बल पुरतं. म्हणून एवढी माणसं एवढ्या कमी विजेत जातात. पण जे चालू ठेवायला सोपं ते थांबवायला अवघड. रूळ चाकाला धरून धरून किती धरणार? ओल्या रुळावर आणखी कमी, म्हणून चाकापुढे वाळू सोडायची सोय रेल्वेत पूर्वीपासून आहे. रूळ ओलांडणाऱ्याला वाटतं मोटरमनने बघितलंय, थांबवेल. त्याने बघितलेलं असतं, पण मघाचे ते अडीचशे मीटर त्याच्या हातात नसतात.

लिफ्टबद्दल तिने विचारलेलं नाही, तरी करून बघण्यासारखं आहे. काट्याचा वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये उभं राहायला सांगा. वर निघताना काटा थोडा पुढे जाईल, मधल्या मजल्यांवर खऱ्या वजनावर येईल, थांबताना मागे जाईल. मधल्या मजल्यांवर लिफ्ट भरधाव असते तरी काटा तटस्थ! वेगाचा परिणाम काट्यावर होत नाही, वेग बदलण्याचा होतो.

आणि उद्या लोकलने जाल तेव्हा पाण्याची बाटली जवळजवळ काठोकाठ भरून न्या, एखादा बुडबुडा राहू द्या. बसायला जागा मिळाली तर ती बाटली मांडीवर गाडीच्या दिशेत आडवी ठेवा, आणि दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा दोऱ्याने लोंबता धरायला मुलीला सांगा. गाडी सुटण्याआधी तिने वहीत लिहून ठेवायचं: जुडगा कुठे जाईल, बुडबुडा कुठे जाईल. गाडी वेग घेईल तेव्हा जुडगा मागे झुकेल आणि बुडबुडा पुढे पळेल. बुडबुडा पुढे का, हे तिला ‘हात लावणारे’ मोजूनच शोधू द्या. अडली, तर एवढंच सांगा, की आधी पाण्याची यादी कर, मग बुडबुड्याची.